परदेशातली मुलाखत आणि अंगावरचा कोट

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत सहा वर्षांपासून गुणवत्ता तपासणीचे काम करतो. जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्याने मला नोव्हेंबरमध्ये प्रत्यक्ष मुलाखतीसाठी बोलावले असून त्याच दिवशी दुपारी कारखाना दाखवणार असल्याचे कळवले आहे. माझ्याजवळ लग्नातला चकाकता निळा थ्री-पीस आहे. वडील म्हणतात, नवा काळा सूट शिवून घे. पुण्यातला मित्र म्हणतो, तिकडे सगळे जीन्सच घालतात. आजोबांचे म्हणणे असे, की पायात कोल्हापुरी असल्याशिवाय तू कोल्हापूरचा वाटणारच नाहीस. मी कोणाचे ऐकावे? — एक वाचक, उचगाव

उत्तर : तिघांचेही थोडे थोडे बरोबर आहे, पण मुलाखतीच्या दिवसापुरते तिघांचेही बाजूला ठेवावे. जर्मनीतील यंत्रउद्योगात अभियंते रोजच्या कामावर जीन्स आणि साधा शर्ट घालून येतात, हे तुमच्या मित्राने ऐकले ते खरेच आहे. मात्र ते नोकरीवर असलेल्या माणसांचे झाले, नोकरी मागायला आलेल्याचे नव्हे. तुमच्या कामासाठी गडद निळा किंवा गडद राखाडी सूट, पांढरा अथवा फिकट निळा शर्ट आणि काळे किंवा गडद तपकिरी बंद बूट एवढे पुरेसे आहे. कारखान्याच्या नोकरीत टायचा आग्रह आता फारसा उरलेला नाही, तेव्हा ती घडी करून खिशात ठेवावी आणि समोरचे गृहस्थ टाय लावून आलेले दिसले तर लावावी. शंका वाटत असेल तर ज्यांनी बोलावणे पाठवले त्यांनाच दोन ओळींचा मेल करून विचारावे. आपल्याकडे असे विचारणे म्हणजे अज्ञान उघडे करणे असे समजले जाते. तिकडे तो तयारीचाच भाग मानतात.

लग्नातला सूट नको म्हणतो याचे कारण त्याचा निळा रंग नव्हे, त्याची चकाकी आहे. मांडवातल्या दिव्यांसाठी निवडलेले कापड सकाळी दहा वाजता, खिडकीतून येणाऱ्या राखाडी उजेडात, माणसापेक्षा जास्त बोलते. शिवाय लग्नानंतर कंबर तेवढीच राहिलेला जावई मी तरी आपल्या जिल्ह्यात क्वचितच पाहिला आहे. काळा सूट चुकीचा ठरणार नाही, पण तिकडे तो बराचसा अंत्यविधीचा किंवा संध्याकाळच्या समारंभाचा पोशाख समजला जातो, आणि गडद निळा त्याच खर्चात पुढेही कामाला येतो.

कापडाविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण चूक बहुधा तिथेच होते. नोव्हेंबरात त्या भागात दिवसाचे तापमान पाच ते दहा अंशांच्या घरात असते, म्हणून इथून जाणारा मुलगा जाडजूड सूट, आत स्वेटर आणि त्याच्याही आत थर्मल घालून निघतो. पण तिकडच्या इमारती आतून तापवलेल्या असतात. बंद खोलीत वीस-बावीस अंश ऊब असते, तिथे तासभर बसल्यावर या माणसाच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहतात आणि समोरच्याला वाटते, की उमेदवार प्रश्नांना घाबरला. म्हणून सूट मध्यम वजनाचा असावा, आत एकच सुती शर्ट असावा, आणि थंडीचा सगळा भार वरच्या लांब ओव्हरकोटावर टाकावा. हा ओव्हरकोट, मफलर आणि कानटोपी आत जाण्यापूर्वी खुंटीवर अडकवायची असते, ती हातात धरून मुलाखतीच्या खोलीत जायचे नसते. शक्य असेल तर शुद्ध लोकरीचे कापड घ्यावे, नाहीतर चांगले टेरीवूलही चालेल. निव्वळ पॉलिएस्टर स्वस्त पडते, पण उबेच्या खोलीत अंगाला चिकटते आणि प्रवासात बसून बसून मांडीवर चमक धरते.

माझे स्पष्ट मत असे, की कापडावर चार पैसे कमी घालावेत, पण शिलाईवर कमी करू नयेत. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडापाशी संपली पाहिजे; ती खाली ओघळली तर उत्तम कापडही मागून आणलेले वाटते. हात सरळ सोडल्यावर कोटाच्या बाहीखालून शर्टाचा कफ साधारण एक सेंटिमीटर दिसावा. ट्रायलच्या वेळी आरशासमोर ताठ उभे राहून परत येऊ नये, तर खुर्चीवर बसून पाहावे आणि हस्तांदोलनासाठी हात पुढे करून पाहावा. मुंढा खोल कापलेला असेल तर हात पुढे करताच सगळा कोट वर उचलला जातो, आणि हा दोष नंतर दुरुस्त करणे फार अवघड असते. कोटाचे खालचे बटण लावायचे नसते, आणि बसताना वरचेही सोडायचे असते. शिंप्याकडे दसऱ्यानंतर जाऊ नये. दसरा-दिवाळीची गर्दी आणि तिच्या पाठोपाठ तुळशीच्या लग्नानंतरची लगीनसराई यांत ट्रायलच्या तारखा पाळल्या जातीलच असे नाही. पितृपंधरवड्यात लोक नवे कपडे शिवायला टाकत नाहीत, त्यामुळे शिंपी मोकळे असतात. घरातल्या वडीलधाऱ्यांची हरकत नसेल तर माप तेव्हाच द्यावे.

रेडीमेड घेणार असाल तर माझीच फजिती सांगतो. सत्त्याण्णव साली मी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेलो, तेव्हा कोट अगदी कोरा होता आणि त्याचा मला अभिमान होता. स्वागतकक्षात बसलेल्या वयस्क बाईंनी मला दोनदा वरून खाली न्याहाळले, टेबलाच्या खणातून नखे कापायची लहान कात्री काढली आणि काही न बोलता माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. कोटाच्या पाठीमागच्या चिरेवर दुकानातून येतानाच घातलेला फुलीसारखा पांढरा टाका तसाच होता. त्यांनी तो कापला, मग डाव्या बाहीवर शिवलेली कंपनीची पट्टी उसवली आणि दोन्ही तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. बाहेरचे खिसेही शिवलेलेच होते, हे मला आत गेल्यावर, कागद ठेवायला गेल्यावर कळले. ती नोकरी मला मिळाली नाही, पण त्याचे कारण टाका नव्हता. मला धातुशास्त्रातले एक साधे उत्तर आले नव्हते. तरीही तुम्ही निघण्यापूर्वी हे सगळे टाके घरीच, चांगल्या उजेडात, शिंप्याच्या हातून काढून घ्यावेत. ब्लेडने स्वतः काढायला जाऊ नये.

वासाकडेही लक्ष द्यावे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या ओलीत कपाटातल्या लोकरीला बुरशी धरते म्हणून डांबरगोळ्या ठेवतात, आणि तो वास गरम बंद खोलीत दुप्पट उठतो. निघण्यापूर्वी तीन-चार दिवस कोट सावलीत, वाऱ्यावर टांगून ठेवावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आईने दिलेली कांदा-लसूण चटणी, पिशवीवर पिशवी बांधली असली तरी, कोटाच्या बॅगेत ठेवू नये. लोकर वास धरून ठेवते, आणि चटणीचा वास लपवायला वरून अत्तर मारले तर दोन्ही वास मिळून तिसराच काही प्रकार तयार होतो.

सूट, एक शर्ट आणि बूट विमानात स्वतःजवळच्या बॅगेत न्यावेत, कारण सोडलेली मोठी बॅग एखाद्या वेळी दुसऱ्या दिवशी येते. कोट उलटा करून, एक खांदा दुसऱ्यात घालून घडी केली तर अस्तर बाहेर राहते आणि सुरकुत्या कमी पडतात. पोहोचल्यावर स्नानगृहात गरम पाण्याची वाफ करून तो तिथे टांगावा, उरलेल्या सुरकुत्या रात्रीतून उतरतात. काही विकत घ्यायची वेळ आलीच तर तिकडचे आकडे वेगळे असतात. आपल्याकडचा चाळीस इंच छातीचा कोट तिकडे ५० नंबरचा असतो, आणि आठ नंबरचा बूट साधारण ४२ नंबरचा.

आता आजोबांविषयी. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचा अभिमान बाळगायला आजोबांना पूर्ण अधिकार आहे. पण नोव्हेंबरातल्या ओल्या, पानगळीने निसरड्या झालेल्या फरशीवर ती टिकणार नाही, आणि उघड्या पावलांनी तुम्हाला कारखान्याच्या दारातून आत घेणार नाहीत. पाहुण्यांना तिथे बहुधा सुरक्षा बूट किंवा बुटाच्या पुढच्या भागावर चढवायच्या टोप्या देतात, आणि त्या बंद बुटावरच बसतात. बुटांचा तळ रबरी असावा, ते पंधरा दिवस आधीपासून घालून पाय रुळवून घ्यावेत, आणि मोजे पोटरीपर्यंत यावेत, म्हणजे बसल्यावर विजारीखाली पाय उघडा दिसत नाही. आजोबा कदाचित आपल्या कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचा दाखला देतील. इंग्लंडहून परतताना १८७० साली त्यांचे फ्लॉरेन्समध्ये अवघ्या विसाव्या वर्षी निधन झाले, आणि तिथल्या उद्यानात त्यांचा अर्धपुतळा आजही आपल्याच राजवेशात उभा आहे. आजोबांना नम्रपणे सांगावे, की महाराज तिकडे नोकरी मागायला गेले नव्हते. कोल्हापुरी बॅगेत जरूर ठेवावी. नोकरी मिळाल्यावर उन्हाळ्यात घालता येईल.

प्रश्न : माझी सून परिचारिका असून सध्या मुलाबरोबर इंग्लंडमध्ये लीड्सला असते. तिथल्या सरकारी रुग्णालयात तिची मुलाखत आहे. मंगळसूत्र, टिकली आणि हिरव्या बांगड्या काढून जावे लागेल का, असे ती फोनवर विचारते. मला काय सांगावे ते सुचत नाही. — एक वाचक, कागल

उत्तर : ताई, मुलाखतीपुरते बोलायचे तर मंगळसूत्र आणि टिकली काढण्याची काहीच गरज नाही. धर्म किंवा श्रद्धेवरून नोकरीत भेदभाव करण्यास तिथे २०१० च्या समानता कायद्याने मनाई केली आहे, आणि मुलाखत घेणाऱ्यांनाही ते ठाऊक असते. बांगड्यांचे मात्र वेगळे आहे, आणि तिथे धर्माचा संबंध नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांजवळ काम करताना कोपरापासून खाली हात मोकळे ठेवण्याचा नियम आहे, म्हणजे लांब बाह्या, बांगड्या, मनगटी घड्याळ आणि खड्याची अंगठी चालत नाही. साधी सपाट अंगठी मात्र बहुतेक ठिकाणी चालते. कारण सरळ आहे. मनगटावर काही असले तर हात नीट धुतले जात नाहीत आणि जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात. म्हणूनच तिथल्या परिचारिकांचे घड्याळ छातीवर उलटे टाचलेले असते.

मुलाखत खोलीत बसून होणार असल्याने हा नियम त्या दिवशी लागू नाही, पण जंतुसंसर्ग रोखण्याविषयी तिला प्रश्न विचारतीलच, आणि कोपराखाली हात मोकळे का हवेत हे सांगताना तिच्याच हातात डझनभर बांगड्या वाजत असतील तर उत्तर फिके पडेल. तेव्हा त्या दिवशी बांगड्या काढून ठेवाव्यात, नखे आखूड असावीत आणि नेलपॉलिश नसावे. मंगळसूत्र आखूड असले तर कपड्याच्या आत राहील. लांब असले तर साधी आखूड सर घालावी. पुढे प्रत्यक्ष कामावर रुग्ण गळ्यातले ओढण्याचा धोका असल्यामुळे अनेक रुग्णालयांत गळ्यातले काढावेच लागते, हे तिने आत्ताच मनात धरलेले बरे. साडी नेसायला कोणाची हरकत नसते, पण लीड्सच्या वाऱ्यापावसात बसमधून उतरून निऱ्या सावरत जाण्यापेक्षा गडद पँट, वर साधा कुर्ता आणि त्यावर कोट हे सोपे. आणि ताई, तिने बांगड्या उतरवल्या म्हणून घरात कोणी अशुभ बोलणार नाही, एवढे तुम्ही फोनवर आधीच सांगून टाका. तिने हा प्रश्न बहुधा त्यासाठीच विचारला असावा.

प्रश्न : जपानमधील कंपनीची मुलाखत मला राजारामपुरीतल्या घरातूनच व्हिडिओवर द्यायची आहे. फक्त वरचा शर्ट चांगला असला तर चालेल ना? — एक वाचक

उत्तर : नाही. जपानमध्ये नवख्या उमेदवाराकडून गडद साधा सूट आणि पांढरा शर्ट अपेक्षित असतो, आणि जो काळा सूट मी वर जर्मनीसाठी नको म्हटला तो तिथे अगदी रूढ आहे. पडद्यावरही कोट घालावा. खाली बर्मुडा घालून बसलेल्या उमेदवाराला कागद आणायला उठावे लागले, असा प्रकार मी मुलाखती घेत असताना पाहिला आहे, त्यामुळे पँटही घालावी. बारीक चौकटीचा किंवा बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्यात थरथरल्यासारखा दिसतो, तो टाळावा. जपानची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी पुढे आहे, म्हणजे तिथले सकाळचे दहा हे आपले पहाटेचे साडेसहा. थंडीत त्या वेळी कोल्हापुरात उजाडलेले नसते, तेव्हा खिडकीवर अवलंबून न राहता टेबललॅम्प समोर, डोळ्यांच्या रेषेच्या थोडा वर ठेवावा. तुमच्या गल्लीत पाणी त्याच सुमारास येत असेल तर तेवढा अर्धा तास मोटार लावू नका, असे आदल्या रात्रीच घरात सांगून ठेवावे.