एजन्सी काढण्याआधी एक महिना वही लिही

प्रश्न: मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दीड वर्षापासून दोन छोट्या व्यवसायांचं सोशल मीडिया सांभाळते. दोघंही माझ्या कामावर खूश आहेत. परीक्षा झाली की वर्गमैत्रिणीबरोबर मार्केटिंग एजन्सी सुरू करायचा विचार आहे. आई-बाबा म्हणतात, आधी नोकरी कर. मला वाटतं, नोकरीत दोन वर्षं वाया जातील. समुपदेशनात येण्याआधी तुम्ही स्वतः एजन्सी चालवली होती, म्हणून तुम्हालाच विचारते. काय करू?

उत्तर:

तुझं मूळ पत्र बरंच मोठं होतं, वर त्याचा सारांश दिला आहे. मी ते दोनदा वाचलं. कोणती पोस्ट किती चालली, कोणता रील कसा सुचला, हे तू फार मन लावून लिहिलं आहेस. वाचताना कळतं की तुला हे काम आवडतं आणि जमतंही. पण त्या दोन ग्राहकांसाठी महिन्याला किती तास जातात, पैसे कोणत्या तारखेला हातात येतात, नेमकं काय करून द्यायचं ठरलं आहे, याबद्दल अख्ख्या पत्रात एक ओळ नाही. माझ्या उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

मी १० वर्षं एजन्सी चालवली. जास्तीत जास्त माणसं होती तेव्हा आम्ही ६ जण होतो. सुरुवात केली तेव्हा मला वाटायचं, काम चांगलं केलं की बाकी सगळं आपोआप जुळतं. तसं होत नाही. एजन्सीच्या मालकिणीचा दिवस शब्द देण्यात आणि दिलेला शब्द पाळण्यात जातो. अमुक तारखेला काम मिळेल हा ग्राहकाला दिलेला शब्द, १ तारखेला पगार होईल हा सहकाऱ्यांना दिलेला शब्द, रविवारी घरी असेन हा घरच्यांना दिलेला शब्द. तुला जे काम आवडतं ते या सगळ्यातून उरलेल्या वेळात करायचं असतं.

अगदी पहिल्या वर्षातला एक ग्राहक सांगते. महिन्याला १२ पोस्ट ठरल्या होत्या. माणूस बोलायला गोड, पैशाला चोख. त्यांचे मेसेज रात्री साडेदहा-अकराला यायचे, "ताई, एवढं छोटंसं करून द्याल का?" कधी लोगोचा रंग, कधी एक बॅनर, कधी "हीच पोस्ट उभी करून द्या, स्टेटसला ठेवतो." नाही म्हणायला जीभ रेटायची नाही. शेवटी एक महिना मी प्रत्येक मागणी आणि तिला लागलेला वेळ वहीत लिहीत गेले. महिनाअखेरीस बेरीज केली तर १२ पोस्टच्या जागी ३१ डिझाइनं झाली होती, आणि तास झाले होते ४७. मी पैसे सांगितले होते १८ तास धरून.

त्या रात्री मला त्यांचा फार राग आला. सकाळी शांतपणे वही पुन्हा चाळली तेव्हा दिसलं की चूक माझी आहे. ‘१२ पोस्ट’ म्हणजे काय, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. कोणत्या मापात, मजकूर कोण देणार, दुरुस्त्या किती वेळा, मंजुरी किती दिवसांत, महिना संपला की उरलेल्या पोस्ट पुढे जाणार की नाही, काहीच नाही. मी वही घेऊनच त्यांना भेटायला गेले. ते पानं उलटत राहिले आणि म्हणाले, "मला वाटायचं, दोन मिनिटांचं काम असतं." त्यांना खरंच माहीत नव्हतं. आम्ही तिथेच बसून एक पान लिहिलं. पैसे त्यांनी वाढवून दिले नाहीत, पण रात्रीचे मेसेज थांबले आणि पुढे ते ४ वर्षं आमच्याकडे होते. या पानाला आमच्याकडे ‘स्कोप’ म्हणतात. तुझ्या दोन ग्राहकांबरोबर असं पान नसेल तर एजन्सीच्या नावाचा विचार बाजूला ठेव, आधी ते पान लिही.

आता पैशाचं. इथे जरा थांबून वाच, कारण माझ्या ओळखीच्या ज्या छोट्या एजन्सी बंद पडल्या, त्या काम वाईट होतं म्हणून पडल्या नाहीत.

पाचव्या वर्षी आमच्या उत्पन्नातला ४५ टक्के भाग एकाच ग्राहकाकडून येत होता. मला त्याचा अभिमान वाटायचा. एका संध्याकाळी त्यांच्याकडून तीन ओळींचा मेल आला. नवे मार्केटिंग प्रमुख रुजू झाले आहेत, पुढच्या महिन्यापासून काम आतली टीम बघेल, सहकार्याबद्दल आभार. नोटीस मागायची सोयच नव्हती, कारण करारात मी ती घातली नव्हती. पगार ८ दिवसांवर आले होते. वर्षाच्या हिशेबात आम्ही नफ्यात होतो आणि बँकेत मात्र एका पगारापुरतेही पैसे नव्हते. बिलं ४५ ते ६० दिवसांनी सुटायची, पगार मात्र १ तारखेलाच द्यावे लागायचे. त्यात मी आणखी एक मोठी चूक केली होती. ग्राहकांच्या जाहिरातींचे पैसे माझ्या क्रेडिट कार्डवरून भरत होते आणि मागाहून त्यांच्याकडून घेत होते. म्हणजे ज्याला मी सेवा देत होते, त्यालाच बिनव्याजी उधारीही देत होते.

त्या महिन्याचे पगार माझ्या बचतीतून झाले. पुढच्या महिन्यात एका मुलीला कामावरून कमी करावं लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं, लॅपटॉप बंद केला, चार्जरची वायर नीट गुंडाळून त्यावर ठेवली आणि विचारलं, "माझ्या कामात काही कमी पडलं का?" मी "नाही" म्हटलं. ते खरं होतं, आणि म्हणूनच मला ते अजून बोचतं. कमी माझ्या हिशेबात पडलं होतं आणि नोकरी तिची गेली.

त्यानंतर मी काही गोष्टी पक्क्या केल्या. कुणीही एक ग्राहक एकूण उत्पन्नाच्या २५ टक्क्यांच्या वर जायला लागला की नवा ग्राहक शोधायचा, आहेत त्यात कितीही काम असलं तरी. ३ महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात पडून असलाच पाहिजे. दोन्ही बाजूंनी ३० दिवसांची नोटीस. मासिक शुल्क महिन्याच्या सुरुवातीला, आणि जाहिरातीचा खर्च थेट ग्राहकाच्या कार्डवरून. "इतका विश्वास नाही का?" असं विचारणारे भेटतातच. मी म्हणायचे, विश्वास टिकावा म्हणूनच.

अ‍ॅड अकाउंट, पेज, डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, हे सगळं ग्राहकाच्या नावावर असू दे, आपण फक्त अ‍ॅक्सेस घ्यायचा. काही एजन्सी हे आपल्या नावावर ठेवतात, म्हणजे ग्राहक सोडून जाऊ शकत नाही. तू तसं करू नकोस. आम्ही सोडून गेलेल्या प्रत्येकाला पासवर्डांसकट सगळं नीट सोपवलं, आणि त्यातले दोघे वर्षभराने परत आले.

ज्या प्लॅटफॉर्मवर तू काम करतेस तो तुझा नाही, हेही मनात असू दे. एप्रिल २०२१मध्ये अ‍ॅपलने आयओएस १४.५ हे आयफोनचं नवं सॉफ्टवेअर आणलं आणि इतर अ‍ॅप्समध्ये माणसाचा माग काढण्याआधी त्याची परवानगी विचारणं सक्तीचं झालं. बहुतेकांनी नकार दिला असावा, कारण आमच्या फेसबुक जाहिरातींच्या रिपोर्टमधले विक्रीचे आकडे उतरले. विक्री तेवढीच होती, पण माग निघत नसल्याने ती रिपोर्टमध्ये दिसत नव्हती, आणि ग्राहकाला ते समजावता समजावता आमचा उन्हाळा गेला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे ६ तास बंद पडलं. ज्या ग्राहकांसाठी आम्ही ईमेलची यादी आणि स्वतःची वेबसाइट उभी केली होती ते त्या रात्री निश्चिंत होते. बाकीचे मला फोन करत होते. पुढे नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि आता कॅप्शनचा कच्चा मसुदा मिनिटभरात तयार होतो. त्यामुळे ‘महिन्याला इतक्या पोस्ट’ असं मोजून विकणाऱ्यांचं पुढे अवघड आहे. ग्राहकाचा माल कुणाला हवा आहे आणि का, हे जिला कळतं तिला काम मिळत राहील.

एक गोष्ट मी फार थोड्या जणांना सांगितली आहे. माझ्या वडिलांचं ऑपरेशन चालू असताना मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून एका सेलच्या पोस्टमधला फॉन्ट बदलून घेत होते. आई वर एकटी बाकावर बसली होती. वडील बरे झाले, पोस्ट वेळेवर गेली, कुणाचंच काही बिघडलं नाही. पण मला ते दृश्य विसरता आलेलं नाही. पुढच्याच आठवड्यात मी सगळ्या ग्राहकांना लिहून कळवलं की संध्याकाळी ७ नंतर आणि रविवारी उत्तर मिळणार नाही, तातडीचं असेल तर फोन करा. तेव्हा ७ ग्राहक होते. एकाने कुरकुर केली, बाकीच्यांच्या कामात तसूभर फरक पडला नाही. फोन तर पुढच्या वर्षभरात तीनदाच आला. मला वाटत होतं, त्यांनी माझी संध्याकाळ घेतली. खरं तर त्यांनी ती मागितलीच नव्हती.

आता तुझा प्रश्न. माझं मत आई-बाबांच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं आहे. त्यांना स्थैर्य हवं असेल. मला वाटतं, तू या चुका दुसऱ्याच्या पैशावर आणि दुसऱ्याच्या देखरेखीखाली बघून घ्याव्यास. जाहिरात क्षेत्रातलं मोठं नाव असलेल्या डेव्हिड ओगिल्वींनी न्यूयॉर्कमध्ये एजन्सी काढली ती १९४८ साली, वयाच्या ३७व्या वर्षी. त्याआधी ते पॅरिसमधल्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबले होते, स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून शेगड्या विकल्या होत्या, अमेरिकेत गॅलप यांच्याकडे लोकमत चाचणीचं काम केलं होतं. गिऱ्हाईक दारातूनच परत पाठवतं म्हणजे काय, हे त्यांना जाहिरात लिहिण्याच्या आधी ठाऊक झालं होतं. ती वर्षं वाया गेली असं कुणी म्हणणार नाही.

तू ३७व्या वर्षापर्यंत थांब असं मी म्हणत नाही. दीड-दोन वर्षं पुरेत. फक्त नोकरी १०-१५ माणसांच्या एजन्सीत शोध. मोठ्या ठिकाणी तुला एकच तुकडा दिसेल. छोट्या ठिकाणी कोटेशन कसं बनतं, बिल कोण मागतं, चिडलेल्या ग्राहकाशी मालक काय बोलतात, हे शेजारच्या टेबलावर ऐकू येतं. तुझे दोन ग्राहक चालू ठेवायचे असतील तर नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलं आहे ते सही करण्याआधी वाच आणि उघड विचार. आणि ती नोकरी सोडशील तेव्हा तिथले ग्राहक बरोबर नेऊ नकोस.

मैत्रिणीबद्दल तू लिहिलंस, "आमचं कधीच भांडण होत नाही." मग याच दिवसांत लिहून घ्या. कुणाचा वाटा किती, कोणत्या बाबतीत अंतिम निर्णय कुणाचा, एकीला परगावी जावं लागलं किंवा रस संपला तर काय. तिला हे बोलणं अवघड गेलं, किंवा तुला, तरी ते आत्ताच कळलेलं बरं.

नोकरीचे अर्ज परीक्षेनंतर कर. त्याआधी उद्यापासून एक वही घे. त्या दोन ग्राहकांची प्रत्येक मागणी, किती वाजता आली, किती मिनिटं लागली, ठरलेल्यातली होती की वरची, पैसे कोणत्या तारखेला आले, सगळं ३० दिवस लिही. मैत्रिणीलाही तिच्या कामाचं असंच लिहायला सांग. मग दोघी आपापल्या वह्या घेऊन माझ्याकडे या. आई-बाबांनाही आणलंत तर मला आवडेल.