एकाच ग्रुपच्या सगळ्या ब्रँडच्या गाड्या एकच डिझाइन टीम काढते का? मग कुशाक आणि टायगुन वेगळ्या कशा दिसतात?

नाही, फोक्सवॅगन ग्रुपमध्ये सांगाडा सामायिक असतो, पण चेहरा ज्याचा त्याचा ब्रँड ठरवतो. ग्रुपच्या डिझाइनप्रमुखाची नजर असते ती दोन ब्रँड एकमेकांसारखे दिसू नयेत यावर. कुशाक (स्कोडा) आणि टायगुन (फोक्सवॅगन) दोन्ही २०२१ मध्ये आल्या, दोन्ही चाकणलाच बनतात, प्लॅटफॉर्म (म्हणजे खालचा सांगाडा) एकच, इंजिनं तीच आणि व्हीलबेसही (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) सारखा, २६५१ मिमी. खरा खर्च प्लॅटफॉर्म, इंजिन आणि क्रॅश सुरक्षेवर होतो, म्हणून तो वाटून घेतात. याचा दुसरा अर्थ असा की चाकं कुठे येणार हे डिझायनरच्या हातात जवळजवळ नसतंच, त्यामुळे प्रमाणं सारखीच राहतात. त्याला खेळायला मिळतात हे भाग:

- ग्रिल, बंपर आणि दिवे: टायगुनला मागे आडवी सलग लाल पट्टी, २०२१ च्या मूळ कुशाकला दोन सुटे दिवे आणि मधे ठळक अक्षरांत स्कोडा
- डॅशबोर्ड आणि स्टीअरिंग: आतला फरक मला तर बाहेरच्यापेक्षा जास्त जाणवतो. कुशाकचं दोन आऱ्यांचं स्टीअरिंग हातात घेतलं की कळेल.

अर्थात, बजेट आवळलं की हे स्वातंत्र्यही आटतं. जुन्या व्हेंटो (फोक्सवॅगन) आणि रॅपिड (स्कोडा) बाजूने शेजारी उभ्या करून बघा, दारं आणि छत पाहून कुठली कुठली ते सांगणं कठीण.