स्वयंसेवक का येतात, का गळतात?

प्रश्न : आम्ही ऐरोलीत दर रविवारी सकाळी सातला खाडीकिनारचं प्लास्टिक वेचतो. सुरुवातीला साठेक जण यायचे, आता जेमतेम दहा. शाल-श्रीफळ देऊन सत्कार केले, टी-शर्ट वाटले, तरी गळती थांबत नाही. आणखी काय करावं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी बघा, आलेल्यांचा रविवार फुकट जातोय का. भरती-ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे या रविवारी सातला ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी सातला पाणी भरतीच्या जवळ आलेलं असतं. माणसं हातमोजे घालून बांधावर उभी राहतात, फोटो काढतात आणि घरी जातात. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा कोण येणार?

कॅलेंडरवर तिथी पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आपल्याकडे भरती दुपारी बारा-एकला येते, म्हणून सकाळी सहा-सातला ओहोटी मिळते. अष्टमीच्या सुमाराला बरोबर उलटं. त्यामुळे दर रविवारऐवजी एक रविवार आड काम ठेवा, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यावरून ठरवा आणि ती चार दिवस आधी कळवा. दीड तास पुरे. गाळात पाय रुतणार असतील तर गमबूट हवेतच, चपलांवर कोणालाही उतरवू नका. कांदळवनात, म्हणजे खारफुटीच्या झाडीत, शिरण्याआधी वनखात्याच्या कांदळवन कक्षाला विचारा. खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे.

दुसरी गळती भरलेल्या गोण्यांपाशी होते. महापालिकेची गाडी आधी ठरवली नसेल तर गोण्या तिथेच पडून राहतात, मोठ्या भरतीला फुटतात आणि तोच थर्माकोल परत पाण्यात जातो. आपण वेचलेलं पुन्हा तरंगताना पाहिलं की भलाभला माणूस खचतो. प्रभाग कार्यालयाशी बोलून गाडी त्याच दिवशी मिळवा. ताणकाट्यावर गोण्या तोला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळवा : किती किलो, त्यात चपला किती, जाळी किती, दुधाच्या पिशव्या किती. आमच्या मते हा निरोप शालीपेक्षा मोलाचा आहे.

मग माणसं ओळखा. मानसशास्त्रज्ञ क्लेरी, स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्वयंसेवेमागची सहा कारणं मांडली : मनातली मूल्यं, शिकण्याची ओढ, माणसांची सोबत, नोकरी-व्यवसायाला उपयोग, मनावरचा भार हलका होणं आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. एकाच माणसात दोन-तीन कारणं असतात आणि ती बदलतातही. कॉलेजच्या एनएसएसमधल्या (राष्ट्रीय सेवा योजना) मुलीला वर्षाचे १२० तास भरायचे असतात. तिला तारीख, तास आणि काम लिहिलेलं सहीचं पत्र त्याच आठवड्यात द्या. निवृत्त काकांना कामानंतरचा चहा आणि गप्पा हव्या असतात. त्यांना एकटं नोंदवहीपाशी बसवलंत तर ते येईनासे होतील. पक्षी बघायला आलेल्याला तिवर आणि कांदळ या खारफुटीच्या झाडांतला फरक दाखवणारा कोणीतरी भेटू द्या. पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारा, ‘तुम्हाला यातून काय मिळालं तर आवडेल?’ आणि उत्तर लिहून ठेवा.

सत्कार जरूर करा. पण ज्यांचा सत्कार त्यांनीच खुर्च्या मांडायच्या आणि पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत मागे उभं राहायचं, असं करू नका. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला नावानिशी, त्याने नेमकं काय केलं ते सांगून दिलेली दाद लक्षात राहते.

प्रश्न : मग स्वयंसेवकांना थोडंफार मानधन द्यावं का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : थोडंफार तर नकोच. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शाळकरी मुलं घरोघरी देणगी गोळा करत होती. काहींना फक्त कामाचं महत्त्व सांगितलं, काहींना शिवाय जमलेल्या रकमेच्या १ टक्का, काहींना १० टक्के देऊ केले. सर्वांत जास्त देणगी बिनपैशाच्या मुलांनी आणली, सर्वांत कमी १ टक्केवाल्यांनी. पैसे आले की काम मजुरीचं होतं, आणि मजुरी तुटपुंजी असली की तेवढाच जोर लागतो.

खर्च मात्र वेगळा. रिक्षाभाडं, लोकलचं तिकीट, हातमोजे यांची झळ स्वयंसेवकाच्या खिशाला लागू देऊ नका. ही रक्कम त्याच दिवशी, न मागता हातात द्या. दर वेळी मागावी लागली की ज्यांना गरज आहे तेच आधी यायचे थांबतात, आणि कारण कोणाला सांगत नाहीत.