सोलापूरला येताय ना, मग खडू घरीच ठेवा

तुम्ही विचारलंय की संक्रांतीला गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या यात्रेला) येतोय, किल्ला आणि हत्तरसंग कुडलची जुनी देवळं पण करणार, तर वारसा जपायला पाहुण्यांनी काय करावं. भिंतीवर नावं कोरू नका हे तुम्हाला माहितीच असणार (भुईकोट किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, संरक्षित वास्तू खराब केली तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही), पण खरं सांगू का, नुकसान आपल्यासारखे हौशी लोकच जास्त करतात.

मी स्वतः केलंय. कॉलेजला असताना एका देवळातला शिलालेख फोटोत येईना म्हणून अक्षरांवर खडू घासत बसलो, तर मागनं एक आजोबा ओरडले, "काय करायलास बे, अक्षर मरतंय त्यानं!" तेव्हा राग आला, पण बरोबर होतं त्यांचं, दगड झिजतो, शिवाय पुसट अक्षर आपण आपल्या अंदाजानं रंगवतो आणि पुढचा माणूस तेच खरं धरून वाचतो. आता मी मोबाईलचा टॉर्च बाजूनं तिरका धरतो, सावलीनं अक्षरं अशी उठून दिसतात की बस, हात लावायची गरजच नाही. कुडलला हे नक्की करा, भीमा-सीनेच्या संगमावर शके 940 म्हणजे इ.स. 1018 चा लेख आहे, "वाछि तो विजेया होईवा", वाचेल तो विजयी होईल, आता वाचायलाच अक्षर राहिलं नाही तर कसलं विजयी! तिथल्या बहुमुखी लिंगाला पण तेल, हळदकुंकू लावू नका, एवढे बारीक चेहरे कोरलेत, खाचांत सगळं साठून बसतं.

गड्ड्याचं म्हणाल तर नंदीध्वजाच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या मानाच्या काठीच्या, पुढं सेल्फीला घुसू नका. बाराबंदीतला (पांढऱ्या पारंपरिक पोशाखातला) माणूस तेवढी उंच जड काठी अंगावर तोलून चालत असतो, त्याला तुम्ही दिसत नाही, धक्का लागला की तोल गेला. कडेला उभं राहा आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" आलं की खुशाल ओरडा, त्याला कुणाची ना नाही. अक्षता सोहळ्याला, म्हणजे यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नाला, तर लवकर येऊन जागा धरलेली बरी, नंतर रेटारेटी करत पुढं यायचं म्हणजे बायापोरांचे हाल.

आणि चादर घेणार असाल तर कुठं विणलीय ते विचारून घ्या, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळूनही बाहेरचा माल सोलापुरी म्हणून खपवतात.