गाडीच्या पुढच्या काचेचा कडेपर्यंत गेलेला लांब तडा दुरुस्त होतो का, की काच बदलावीच लागते? खर्च किती?

होतो. सगळे होत नाहीत, पण तुम्ही लिहिलाय तसा डाव्या कडेपासून आत फूटभर आलेला, एकच आणि चार दिवसांपूर्वीचा तडा असेल तर नक्की होतो. ‘कडेला टेकला म्हणजे काच गेली’ असं तुम्हाला तिन्ही गॅरेजवाल्यांनी सांगितलं ना, ते वाक्य मी सोलापुरात आमच्याच दुकानात बारा वर्षं ऐकलंय. माझा थोरला भाऊ म्हणायचा. त्यावरूनच आमची दुकानं वेगळी झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एप्रिल महिना होता. बार्शी रोडच्या एका आरोग्य केंद्रातल्या सिस्टर जुनी वॅगन-आर घेऊन आल्या. डंपरमधली खडी उडून कडेपासून दीड इंचावर टवका उडाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तापलेल्या काचेवर त्यांनी एसीचा झोत सोडला आणि तडा डोळ्यांदेखत सरकत गेला. मी टेप लावून मोजला, अकरा इंच. विमा फक्त थर्ड पार्टीचा. दादाने गाडीजवळ न जाताच नव्या काचेचा भाव सांगितला. त्या म्हणाल्या, “भाऊ, पगाराला अजून आठवडा आहे आणि उद्यापासून माझी नाइट आहे.” दादा म्हणाला, “ताई, कडेचा तडा थांबत नसतो.”

दादा म्हणत होता त्याला कारण आहे. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये पाऊण मिलिमीटरचा प्लास्टिकचा पडदा. काच तापवून वाकवतात तेव्हा कडेला दाब राहतो आणि त्याच्या लगेच आतल्या पट्ट्यात ताण राहतो. त्या पट्ट्यात खडा लागला की तडा कडेकडे धावतो. एकदा कडेला पोचला की दोन्ही बाजू मोकळ्या होतात आणि प्रत्येक खड्ड्यात एकमेकींवर घासतात. इथवर दादाचं बरोबर. पण म्हणून भरताच येत नाही, हे कुठून आलं?

मी सिस्टरना म्हटलं, उद्या पहाटे पाचला गाडी आणा आणि धुऊ नका. पहाटे एवढ्यासाठी, की तड्यात भरायचं रेझिन, म्हणजे पारदर्शक चिकट द्रव, अतिनील किरणांनी घट्ट होतं. आमच्या उन्हात ते तड्यात शिरायच्या आधीच धरतं, आणि तापलेल्या काचेत टोकाला टिचकी मारली तरी तडा पुढे पळतो.

आधी नख फिरवून तडा फक्त बाहेरच्या काचेत आहे हे पाहिलं. मग कडेचं रबर उचललं. ही पायरी बहुतेक मिस्त्री खातात! रबराखालचा शेवटचा अर्धा इंच न भरता सोडतात, आणि महिन्याभरात तडा तिथूनच पुन्हा उघडतो. मग म्हणायला मोकळे, की कडेचा तडा टिकत नाही. त्या अर्ध्या इंचात धूळ होती, ती काढून जागा कोरडी करायलाच वीस मिनिटं गेली. आतल्या टोकाला बाहेरच्या काचेत बारीक भोक पाडलं, पडद्यापर्यंत न जाता. आतून काचेला हलका रेटा दिला, तसा तडा केसभर उघडला. कडेच्या दोन इंचांत जाड रेझिन, पुढे जरा पातळ. रिकामा तडा तिरप्या टॉर्चमध्ये चांदीच्या तारेसारखा चमकतो. रेझिन शिरत जातं तशी ती तार विझत जाते. कुठे चमक उरली तर तिथे हवा आहे, पुन्हा रेटा द्यायचा. सगळी विझली तेव्हा साडेसात वाजले होते. दादा चहाचा कप घेऊन मागे उभा होता, एक शब्द बोलला नाही. वरून पट्टी लावली, रेझिन घट्ट व्हायला अतिनील दिवा धरला, वर उरलेलं ब्लेडने खरवडलं.

नीट बघितलं तर बारीक रेघ दिसायची. ती दिसणारच, पूर्ण अदृश्य करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

चार वर्षांनी गाडीला पंधरा वर्षं झाली आणि ती आरटीओत पासिंगला गेली. काच तीच होती, तडा अकरा इंचच. दादा अजून म्हणतो, नशीब. नशिबाने एखादा तडा थांबेल, पण माझ्या वहीत असे बरेच आहेत. शिवाय काच बदलणं म्हणजे बिनधोक, हेही मला मान्य नाही. जुनी काच कापताना पत्र्याचा रंग खरवडला आणि त्यावर प्रायमर न लावता नवी चिकटवली, की दोन पावसाळ्यांत तिथे गंज आणि पायाशी पाणी. कंपनीतून बसून आलेली काच वाचत असेल तर वाचवावी.

आता जिथे मीही नाही म्हणतो ते. तडा दोन कडांना टेकला असेल, एका टवक्यातून तीन लांब तडे निघाले असतील, आतली काचही फुटली असेल, किंवा तडा चालकाच्या डोळ्यांसमोरून जात असेल, तर बदला. अमेरिकेत या कामाचं रोलॅग्स नावाचं लेखी मानक आहे, त्यात १४ इंचांपर्यंतचा तडा दुरुस्तीत धरलाय. त्याच्या पुढे मी जात नाही. डाव्या सीटला एअरबॅग असेल तर ती फुगताना याच काचेला टेकते, तेव्हा अशा गाडीत शंका आली की मी काच बदलायलाच सांगतो. फेविक्विक किंवा नेलपॉलिश भरलं असेल तर माझ्याकडेही इलाज नाही.

तोवर तड्यावर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावा, पाणी जाऊ देऊ नका, गाडी सावलीत ठेवा, एसी काचेवर सोडू नका. मिस्त्रीला एवढंच विचारा, कडेचं रबर उचलणार का? गरज नाही म्हणाला तर गाडी परत आणा.

खर्च गाडी न बघता सांगणार नाही. पूर्ण विमा असेल तर काचेवर घसारा (जुनी झाली म्हणून होणारी कपात) कापत नाहीत, पण क्लेम केलात की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाऊ शकतो, तो हिशेब आधी करा. आणि बदलायचीच ठरली तर फास्टॅग जुन्या काचेवरून निघताना फाटतो, नव्यासाठी आधीच अर्ज करून ठेवा.