पाणी नितळ दिसतंय, तरी मासे अजून नकोत

टाकी लावून आठच दिवस झालेत ना? मग थांब जरा. माशांच्या विष्ठेतून पाण्यात येणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, पण माशांचे कल्ले जाळतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर बसायला साधारण 4 ते 6 आठवडे जातात. बेळगावच्या डिसेंबरातल्या गारठ्यात तर त्याहून जास्त, म्हणून हीटर 27 अंशांवर ठेव. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातला स्पंजचा तुकडा माग. त्यानं खूप वेळ वाचतो.

थेंबांचं टेस्ट किट घेच. मासे नसताना जिवाणूंना खाद्य म्हणून बाटलीतला अमोनिया घालून प्रमाण 2 पीपीएमवर (दहा लाख भागांत 2 भाग) आण आणि 24 तासांनी मोज. अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसतंय, तरच मासे. त्याआधी निम्मं पाणी बदल. राकसकोप जलाशयाचं नळाचं पाणी वापरत असशील तर आधी क्लोरीन काढ, आणि स्पंज नळाखाली कधीच धुऊ नकोस.

मी तिसऱ्या दिवशी गोल्डफिश सोडले होते. आठवडाभरात सगळे गेले, अजून वाईट वाटतं. तू आधी तीन-चार गप्पीच सोड. पुढचे मासे दोन आठवड्यांनी, पाणी पुन्हा तपासून.