कुऱ्हाडीविना सरपण

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या घरी चुलीवरच स्वयंपाक होतो, आईला आता कुऱ्हाड उचलवत नाही. दुसरा उपाय आहे का?

उत्तर : आहे. ओंडक्याचे करवतीने हातभर लांबीचे तुकडे करावेत, तुकडा उभा ठेवावा आणि वाळताना गाभ्यापासून कडेकडे गेलेल्या भेगेत लोखंडी पाचर बसवून तिच्यावर घणाने बेताचे ठोके द्यावेत, कारण लाकूड तंतूंच्या दिशेनेच सहज फाटते. हे काम मात्र घरातील धडधाकट माणसानेच करावे. आईंना मनगटाएवढी लाकडे फोडायची असल्यास कोयत्याचे पाते वर टेकवून त्याच्या पाठीवर लाकडी दांडक्याने ठोकावे. तेथे लोखंडी हातोडा मुळीच वापरू नये, कारण पात्याची कपची उडून डोळ्याला इजा होऊ शकते. गाठीचे तुकडे न फोडता न्हाणीच्या चुलीत अखंडच घालावेत.